आधी मैदान बघायचं

आमच्या वालूरच्या शाळेतले खेळाचे सर माणसांना हाक मारत नसत, शिट्टी वाजवत. शिपायाला एक आखूड, कारकुनाला दोन आखूड आणि मी गणिताची बाई म्हणून की काय, मला तीन. हेडमास्तरांसाठी एक लांबलचक शिट्टी राखून ठेवलेली होती. ती पहिल्यांदा वाजली तेव्हा हेडमास्तर लालबुंद होऊन बाहेर आले आणि म्हणाले, "मी काय गडी आहे का?" सर शांतपणे म्हणाले, "न्हाई सर. गड्याला आखूड असती." त्यानंतर कपाळाला आठ्या घालत का होईना, पण हेडमास्तर येत.

उंच, सावळा, काटक माणूस. खाकी पँट आणि पांढरे कॅनव्हासचे बूट. बूट मळले की सर फळ्याचा खडू ओला करून त्यांच्यावर घासत, त्यामुळे दुपारपर्यंत त्यांची पावलं जिथं जातील तिथं पांढरी दिसत. स्टाफरूममध्ये ते कधी बसले नाहीत. चहा दारात उभ्यानं प्यायचा आणि कप खिडकीत ठेवून चालू लागायचं. कुणी खुर्ची पुढं केली तर म्हणायचे, "नको. बसलं की बसायची सवय लागती."

त्यांचं एक वाक्य सगळ्या शाळेला पाठ होतं. "आधी मैदान बघायचं, मंग टीम उतरवायची." हे ते सहलीबद्दल म्हणत, लग्नाच्या स्थळाबद्दल म्हणत, नव्या भाजीवाल्याबद्दलही म्हणत. मी नवीन नवीन वालूरला आले तेव्हा एक खोली पसंत केली होती. सरांनी न विचारताच तिची तपासणी केली. फरशीवर पाय आपटले, खिडकी उघडून लावून पाहिली, शेजारणीला पाणी कुठून आणता विचारलं आणि येऊन मला निकाल सांगितला, "खोली चांगली हाय बाई, शेजार वंगाळ हाय. घेऊ नका." मी घेतली. पुढं वर्षभर त्या शेजारणीशी माझी भांडणं चालली आणि दर भांडणानंतर सर शाळेत नुसते माझ्याकडं बघायचे.

तालुक्यात त्यांची ख्याती होती ती कबड्डीचे पंच म्हणून. एका वर्षी सेलूला स्पर्धेची अंतिम लढत आमच्याच शाळेची होती आणि गंमत म्हणजे समोरच्या शाळेनंच आग्रह धरला की पंच हेच सर पाहिजेत. शेवटच्या चढाईला आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या गेला. गडी मारून परत आला, आमच्या पोरांनी त्याला उचलून घेतलं, आणि सरांनी शिट्टी मारली. गडी मारायच्या आधी त्याचा पाय बाजूच्या रेघेबाहेर पडला होता. "आऊट."

मैदान पेटलं. माणसं आत घुसली. गर्दीतून त्यांच्या जातीवरून जे शब्द आले ते मी इथं लिहीत नाही. मी बायकांच्या बाजूला उभी होते. सर त्या रेघेवर उभे राहिले. हलले नाहीत. ओरडणारे दमले तेव्हा म्हणाले, "झालं का ओरडून? आता ऐका. आऊट."

परतताना मी बैलगाडीत होते, सर शेजारून चालत होते. मी विचारलं, "सर, भीती नाही वाटली?"

"वाटली की," ते म्हणाले. "पन रेघ फक्कीची असती बाई. वारं आलं की उडून जाती. तिला राखायला माणूस लागतो."

सर गंगाखेड तालुक्यातले. राणीसावरगावच्या शाळेत शिकले, तिथून परभणीला कॉलेजात गेले. बौद्ध घर, आई-वडील दोघंही दुसऱ्याच्या रानात राबणारे. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव घरं जळाली, त्यात त्यांच्या थोरल्या भावाचं घर गेलं. हे मला त्यांच्याकडून नाही, त्यांच्या बायकोकडून कळलं. सर त्याबद्दल बोलत नसत. वर्तमानपत्रात नामांतराची बातमी आली की ती पूर्ण वाचत, घडी घालत आणि मैदानावर जात.

मग त्यांचा गुडघा गेला. उन्हाळ्याच्या तोंडावर खो-खोचा सराव चालला होता. खांबाशी वळायचं कसं हे पोरांना कितीदा सांगूनही जमेना, म्हणून सर स्वतः धावले. वळताना पाय जमिनीत रुतला आणि अंग पुढं गेलं. नांदेडच्या डॉक्टरांनी पाहून सांगितलं, चालता येईल, पळता येणार नाही. चाळिशीला आलेल्या खेळाच्या मास्तरला हे सांगणं म्हणजे काय, ते डॉक्टरांना ठाऊक होतं की नाही कोण जाणे.

संस्थेचे सेक्रेटरी तसे भले गृहस्थ. ते म्हणाले, "सर, फिकीर करू नका. ग्रंथालयात बसा. नोकरी कुठं जात न्हाई तुमची."

सरांनी ग्रंथालयाच्या किल्ल्या घेतल्या. खिडकीतून मैदान दिसायचं. नवा शिक्षक येईपर्यंत पोरं मनाला येईल तशी खेळत होती. एक दिवस तीन आखूड शिट्ट्या ऐकू आल्या म्हणून मी गेले, तर सर टेबलाला टेकून उभे.

"बाई, मला बसायला सांगायलेत. मी काय जत्रेतला देव हाय का, नुसतं बसायला?"

"मग काय करणार?"

"तेच कळंना."

ते कळलं ते पुढच्याच आठवड्यात, आणि कळलं तेही अशा माणसामुळं ज्याचं नावसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं. परभणीहून संस्थेचे हिशेब तपासायला एक ऑडिटर आले. किरकोळ अंगाचा माणूस, सर्दीनं बसलेला घसा. त्यांना बसायला ग्रंथालयाचीच खोली दिली होती. आमच्या अध्यक्षांपुढं अख्ख्या गावात कुणी मान वर करून बोलत नसे. त्या दिवशी अध्यक्ष आले, ऑडिटरसाहेबांनी एका ओळीवर बोट ठेवलं आणि मवाळ आवाजात विचारलं, "ह्याची पावती?" अध्यक्ष काहीतरी म्हणाले. ऑडिटर म्हणाले, "ते बरोबर. पण पावती?" आणि अध्यक्ष खुर्चीतून उठून उभे राहिले. पावती पुढं सापडली, कपाटातच होती, काही गैर नव्हतं. पण सरांनी पाहिलं ते उभं राहणं.

मधल्या सुट्टीत ते लंगडत स्टाफरूमच्या दारात आले. डोळे लकाकत होते. "बाई, त्यो माणूस पंच हाय! शिट्टी न्हाई, आवाज न्हाई, नुसतं विचारतो. आन् मालक उभा ऱ्हातो. मला हेच शिकायचंय."

स्टाफरूम हसली. मीही हसले. सर हसले नाहीत.

आता अडचण अशी की सर बी. ए. झालेले, वर खेळाची पदवी. एम. कॉम. करायचं तर आधी बी. कॉम. पाहिजे, म्हणजे मिसरूड फुटणाऱ्या पोरांबरोबर पुन्हा पहिल्यापासून. उरले तीन रस्ते, कोणत्याही पदवीधराला चालणारे. एक, पुण्याच्या एका संस्थेचा टपालानं शिकायचा कोर्स. दोन, जवळच्याच एका तालुक्याच्या गावी नव्यानं निघालेल्या कॉलेजातली हिशेबशास्त्राची पदव्युत्तर पदविका. तीन, तीच पदविका, पण परभणीच्या जुन्या कॉलेजात. संध्याकाळचे वर्ग, दोन वर्षं, आणि निम्मे विद्यार्थी नापास होतात अशी कीर्ती.

मी गणिताची बाई, म्हणून सरांनी तिन्ही अभ्यासक्रम माझ्यापुढं टाकले. मी म्हटलं, "कागदावर तिन्ही सारखेच दिसतात."

"कागदावर सगळी मैदानं सपाटच असतात," सर म्हणाले आणि मैदानं बघायला निघाले.

त्यांची बघायची तऱ्हा निराळी. माहितीपत्रक वाचायचं नाही, प्राचार्यांना भेटायचं नाही. तो कोर्स केलेली माणसं शोधून काढायची आणि त्यांना एकच प्रश्न विचारायचा. जिनिंगच्या कारखान्यात एक कारकून टपालाचा कोर्स करून बसला होता. सर त्याच्यापुढं उभे राहिले. "हे शिकलात, तर आता तुमाला काय करता येतं?"

"मला हेडक्लार्क केलं."

"ते मिळालं. करता काय येतं?"

कारकून म्हणाला, "खरं सांगू का? पुस्तकं आली, वाचली. अडलं तर विचारायचं कुणाला? टपालपेटीला?"

तो रस्ता संपला. सर म्हणाले, माणूस हुशार हाय, इमानदार हाय, पन त्याला कुणी खेळायलाच घेतलं न्हाई.

दुसऱ्या रस्त्याबद्दल सेक्रेटरीच बोलले. त्या नव्या कॉलेजात त्यांचे मेहुणे होते. त्यांनी सरांना घरी चहाला बोलावलं, मलाही बोलावलं, कारण सर माझं ऐकतात असा त्यांचा समज होता.

"सर, परभणीचा नाद कशाला? हितं नाव घाला. वर्गाला जायची गरज न्हाई, शाळा सोडायची गरज न्हाई. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवा, कोणी काय म्हणत न्हाई. कागद तर तोच मिळायलाय. आन् तसं बी तुमाला सवलत हाय. पास तर करतीलच."

सेक्रेटरींच्या मनात वाईट नव्हतं, हे मी आजही म्हणेन. पण सरांनी कप खाली ठेवला. "साहेब, सवलत मला दारातून आत जायला हाय. ती मी घेणार, माझ्या हक्काची हाय. आत गेल्यावर मातर पळायचं मलाच हाय."

"तुमाला पळता कुठं येतंय आता?" सेक्रेटरी हसून म्हणाले.

"म्हणून तर नीट चालायचंय."

परभणीला मी त्यांच्याबरोबर गेले. माझी नणंद तिथं राहायची, तिच्याकडं जायचं निमित्त होतं. स्टेशनवरून ऑटोरिक्षा करू म्हटलं तर सर नाही म्हणाले, गुडघा आवळून बांधून चालत निघाले. आधी त्यांनी एका सहकारी संस्थेच्या कार्यालयात एक तरुण गाठला. तोच प्रश्न. तो मुलगा म्हणाला, "आधी मी आकडे बघायचो. आता आकड्यामागं माणूस दिसतो. घाईनं लिवलंय का, भिऊन लिवलंय का, दडवून लिवलंय का, ते समजतंय." सरांनी त्याच्याशी असा हात मिळवला की तो पोरगा बुचकळ्यातच पडला.

मग कॉलेज. संध्याकाळचा वर्ग भरला होता. सर कुणालाही न विचारता आत शिरले आणि मागच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मी दाराशी थबकले. शिकवणारे प्राध्यापक वयस्कर, मूळचे हैदराबादकडचे, मराठीत सफाईनं उर्दू पेरणारे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "जनाब, आपण कोण? इन्स्पेक्टर?"

"न्हाई सर. खेळाचा मास्तर. मैदान बघायला आलो."

वर्गात हशा झाला. प्राध्यापक मात्र हसले नाहीत. "बघा, बघा. तशरीफ ठेवा."

"उभाच बरा हाय."

प्राध्यापक फळ्याकडं वळले. एक लांबलचक उदाहरण चाललं होतं. निम्म्यात आल्यावर पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. सुती साडी, दोन वेण्या, आवाज कापरा. "सर, ती रक्कम डाव्या बाजूला जायला पाहिजे होती."

प्राध्यापकांनी फळ्याकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग डस्टर उचललं, सगळं पुसलं आणि म्हणाले, "शुक्रिया बेटा. चूक माझी. आता तुम्हीच पुढं या, सोडवा." आणि स्वतः बाजूला होऊन तिचं बघत उभे राहिले.

मी सरांकडं पाहिलं. त्यांनी भिंतीवरची पाठ काढली होती. बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "बाई, हितं पंचाला चुकलं म्हणता येतंय. आन् पंच ऐकायलाय. ठरलं."

ठरलं म्हणणं सोपं होतं. संध्याकाळचे वर्ग म्हणजे परभणीत राहणं आलं, म्हणजे वालूरची शाळा सोडणं आलं. सेक्रेटरींनी बिनपगारी रजा द्यायला नकार दिला. जायचं तर राजीनामा द्या म्हणाले. पदरात दोन मुलं. त्या संध्याकाळी मी सरांच्या घरी गेले होते. सर अंगणात येरझाऱ्या घालत होते आणि त्यांच्या बायको चुलीपाशी भाकरी थापत होत्या. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या, पण मोठ्या माणसालाही सरळ करील अशी जीभ. भाकरी तव्यावर टाकून त्यांनी विचारलं, "मला एवढंच सांगा. हे शिकून तुमी घरात बसनार न्हाई ना?"

"न्हाई."

"मंग जावा. तुमी बसून ऱ्हायलात की मलाच धाप लागती. पाय गेलाय तुमचा, डोकं शाबूत हाय. मी हाय हितं रानात जायला."

सरांनी लाकडाची मोळी चुलीजवळ आणून ठेवली आणि पुन्हा चालू लागले. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला.

परभणीत खोली मिळवायला त्यांना फार फिरावं लागलं. आडनाव विचारलं की खोली नुकतीच दुसऱ्याला दिलेली असायची. शेवटी रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका मुसलमान गार्डनं खोली दिली. त्यानं आडनाव विचारलंच नाही, फक्त म्हणाला, "शिट्टी वाजवता म्हणे? मीही जिंदगीभर तेच केलं. या." दिवसा सर एका अडत दुकानात कारकुनी करत आणि संध्याकाळी वर्गात मागच्या भिंतीशी उभे राहत. वर्गातली पोरं त्यांना काका म्हणायची. पुढच्या बाकावरची ती मुलगी त्यांना अडलेलं समजावून द्यायची आणि ते तिला भर वर्गात मोठ्यानं बोलायला शिकवायचे.

पहिल्या वर्षी सर नापास झाले. वालूरला यायचं तर सेलूला उतरावं लागे; निकालाच्या दिवशी मी तिथं स्टेशनवर होते. गाडीतून उतरताना त्यांचा चेहरा पाहूनच कळलं. मला वाटलं, आता संपलं. सेक्रेटरींचं कॉलेज अजून होतं, ग्रंथालयाची जागाही कुणी भरली नव्हती. मी धीर करून तसं सुचवलं.

सर फलाटावर थांबले. "बाई, मीच कमी पडलो त्या पेपरात. पेपर बरोबर होता. तपासणारा बरोबर होता. मला हे आवडलं." आणि मग जरा हसून म्हणाले, "वाईट लय वाटायलंय. पन आवडलं."

पुढच्या वर्षी त्यांनी तो विषय पुन्हा दिला, मग दुसरं वर्षही पार केलं आणि दुसऱ्या वर्गात पास झाले. परभणीच्याच एका ऑडिटरच्या हाताखाली त्यांना काम मिळालं आणि बायको-मुलंही तिकडं आली. जिल्हाभर गावोगावच्या सोसायट्यांचे हिशेब तपासायला ते जायचे. सायकलीवर, एस. टी.नं, कधी ट्रॅक्टरवर उभं राहून. एकदा आमच्या गावच्या माणसानं मला सांगितलं, "त्ये लंगडे साहेब आले की आमचा चेअरमन आदल्या दिवसापासून जेवत न्हाई."

इथंच त्यांची कथा सुखाची म्हणून संपवता आली असती. पण सरांचं एक होतं. पास झाले, तरी विद्यापीठातून पदविकेचं प्रमाणपत्र त्यांनी आणलंच नाही. अर्जसुद्धा केला नाही. गुणपत्रिकेवर काम चालवलं. दोन-तीन वर्षांनी एका मोठ्या संस्थेत कायमची जागा निघाली. मुलाखत झाली, निवड झाली, फक्त मूळ प्रमाणपत्र दाखवा म्हणाले. सरांनी ते दाखवलं नाही. जागा गेली.

मी भडकले. परभणीला जाऊन त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. "एवढं शिकलात, आणि एका कागदासाठी? औरंगाबाद काय लांब आहे का?"

"नाव बदलंल, मंग घेईन," सर म्हणाले.

"आणि नाही बदललं तर?"

"तर राहू द्या त्यांच्याकडंच. सांभाळतील."

मी त्यांच्या बायकोकडं पाहिलं. वाटलं, आता तरी ही बाई बोलेल. ती निवडत असलेल्या तांदळाचं सूप घेऊन आत गेली. जाता जाता म्हणाली, "आमच्या जाऊबाईचं घर कशापायी जळालं, बाई?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत नामांतर झालं. निरनिराळ्या गावांत निरनिराळ्या तऱ्हेनं तो दिवस गेला. काही ठिकाणी गुलाल उडाला, काही ठिकाणी दारं बंद राहिली. सरांनी अर्ज पाठवला. मी तोवर सेलूला राहायला गेले होते; काही आठवड्यांनी नवरा-बायको दोघं तिथं माझ्या दारात हजर. सरांचे केस पिकले होते. "चला बाई. तुमी लय बोलला होता मला. आता बघायला चला."

औरंगाबादला विद्यापीठाच्या इमारतीत खिडकीसमोर रांग होती. सगळी पंचविशीच्या आतली पोरं. आमचा नंबर आला तेव्हा आतल्या कारकुनानं साल पाहिलं आणि मान वर केली. "इतक्या वर्षांनी? कुठं होतात?"

"हितंच होतो," सर म्हणाले.

कारकुनानं त्यांच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग काही न विचारता उठला, आतून कागद आणला आणि दोन्ही हातांनी पुढं केला. "छापील कागद आता नवेच आलेत," तो म्हणाला.

बाहेर झाडाखाली सरांनी तो उलगडला. त्यांच्या बायकोला वाचता येत नव्हतं. त्यांनी पदराला हात पुसले आणि वाकून विचारलं, "कुठं हाय?"

सरांनी वरच्या ठळक ओळीवर बोट ठेवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश नेलं. बाईंनी त्या बोटाला डोळ्यांनी शेवटपर्यंत सोबत केली. पुन्हा एकदा न्यायला सांगितलं. सरांनी नेलं.

"आन् तुमचं?"

"ते खाली हाय. हे बघ."

बाईंनी कागद डोळ्यांजवळ घेतला. "लय बारीक हाय की हो."

"असू दे," सर म्हणाले. "बरोबर हाय ते." आणि आयुष्यात पहिल्यांदाच, मी बघत असताना, ते झाडाच्या पाराजवळ गेले आणि बायकोशेजारी खाली बसले.